गटाराचं विरजण

माझी भाची सातवीत आहे. एका रविवारी मी तिला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र दाखवायला नेलं, तर रस्ताभर गाल फुगवून बसली होती. मैत्रिणी पिक्चरला गेलेल्या आणि हिच्या वाट्याला गटार! फाटकापाशीच तिने रुमाल नाकाला लावला. आधी आम्ही लोखंडी जाळीपाशी गेलो. शहराने संडासात, मोरीत, नाल्यात जे काही ढकललं ते सगळं तिथे अडकून बसलेलं : शाम्पूच्या पुड्या, चिंध्या, केसांचं गुंतवळ, निर्माल्य, आणि एक हिरवा प्लॅस्टिकचा डायनोसॉर. तिथे मीही पदर नाकाशी धरला, खोटं कशाला बोलू!

पण पुढच्या टाकीपाशी भाचीचा रुमाल खाली आला आणि ती कठड्याला रेलून बघतच राहिली. भलीमोठी टाकी, तिच्यात चॉकलेटी पाणी, आणि ते खदखदतंय! खाली विस्तव मात्र नाही. मोठमोठे ब्लोअर तळातून हवा सोडत होते, त्याचे ते बुडबुडे.

"मावशी, चहा उकळतोय," भाची म्हणाली. मग हवा हुंगून म्हणाली, "आणि वास... मातीचा?"

खरंच. मैल्याचा वास नव्हता. ओल्या मातीचा, थोडासा कुबट वास होता.

तिथल्या ऑपरेटरकाकांनी त्या टाकीतलं बरोबर एक लिटर पाणी उंच काचेच्या मोजपात्रात घेतलं आणि टेबलावर ठेवलं. "आता अर्धा तास याला कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. पाच मिनिटांत पात्रातल्या चॉकलेटी पाण्याचे पुंजके पुंजके झाले, लिंबू पिळलेलं दूध फाटतं तसे. मग ते हळूहळू खाली बसायला लागले. अर्ध्या तासाने तळाशी जाडसर तपकिरी थर आणि वर पाणी, इतकं नितळ की पलीकडची वही दिसत होती. काकांनी थराची उंची बघून वहीत आकडा टिपला. रोज टिपतात म्हणे.

"खाली बसली ती घाण ना?" भाचीने विचारलं.

"घाण कुठे आहे आता?" काका म्हणाले. "ही घाण खाणारी मंडळी. जेवून बसलीत."

*

ही मंडळी म्हणजे जिवाणू. एक जिवाणू किती मोठा? तुमच्या पट्टीवरचा एक मिलिमीटर घ्या. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जिवाणू लांबीने ठेवत गेलात तर त्या एका मिलिमीटरवर सुमारे ५०० बसतील. त्यांना तोंड नाही, दात नाहीत, पोटही नाही. अन्न बाहेरच विरघळवायचं आणि कातडीतून आत ओढायचं, एवढंच त्यांचं जेवण.

आता एक कोडं. नदीत खूप मैला सोडला की मासे मरतात. कशाने?

विषाने, असं तुम्ही म्हणाल. कधीकधी तसंही होतं. पण पुष्कळदा मासे मरतात ते गुदमरून. नदीतल्या जिवाणूंना मैला म्हणजे लग्नाची पंगत. ते त्यावर तुटून पडतात, भराभर वाढतात, आणि खाताना श्वास घेतात. एक लिटर पाण्यात प्राणवायू मावतो तो जेमतेम ८ मिलिग्रॅम. तो या पंगतीत बघता बघता संपतो आणि माशांना काही उरत नाही. म्हणजे नदीतही जिवाणू साफसफाईच करत असतात, पण माशांच्या वाटणीची हवा वापरून.

यावर उपाय काय? पंगत नदीत बसूच द्यायची नाही. ती आधी एका टाकीत बसवायची आणि हवा आपण पुरवायची. ते ब्लोअर म्हणूनच धडधडत असतात. अशा केंद्राच्या वीजबिलाचा निम्म्याच्या आसपास भाग एकट्या हवेवर खर्च होतो.

मात्र नुसती हवा सोडून भागत नाही, हे माणसाच्या लक्षात यायला बराच वेळ लागला. ते लक्षात आलं इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहराजवळ, डेव्हीहल्मच्या सांडपाणी केंद्रात. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोघे तिथे बाटल्यांत गटाराचं पाणी भरून त्यात हवा सोडत बसायचे. बाटल्यांना बाहेरून तपकिरी कागद गुंडाळलेला असायचा, म्हणजे उजेड लागून शेवाळ वाढणार नाही. पाणी पूर्ण स्वच्छ व्हायला पाच आठवडे लागले. पाच आठवडे! मँचेस्टरसारख्या शहराचं गटार पाच आठवडे साठवायचं कुठे?

त्यांच्या आधीही लोकांनी असे प्रयोग केले होते. पाणी साफ झालं की बाटली रिकामी करायची, धुवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या दोघांनी बाटली धुतली नाही. वरचं स्वच्छ पाणी ओतून दिलं, तळाचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवं गटाराचं पाणी घातलं. या वेळी काम लवकर झालं. पुन्हा गाळ ठेवला, पुन्हा पाणी घातलं. आणखी लवकर! असं करत करत पाच आठवड्यांचं काम एका दिवसाच्या आत व्हायला लागलं.

ओळखलंत? आपल्या आज्या रोज रात्री हेच करत आल्या आहेत. कालच्या दह्यातलं चमचाभर बाजूला ठेवायचं आणि आजच्या कोमट दुधाला लावायचं. विरजण नसेल तर दूध नुसतं नासतं, विरजण असेल तर सकाळी दही. दह्यातले जिवाणू वेगळे आणि गटारातले वेगळे, पण युक्ती तीच : कामाला लागलेली मंडळी घरी पाठवायची नाहीत. आर्डर्न आणि लॉकेट यांनी एप्रिल १९१४मध्ये हे जगाला सांगितलं. त्यांनी त्या गाळाला नाव दिलं 'ॲक्टिव्हेटेड स्लज', म्हणजे जागा झालेला, कामाला लागलेला गाळ. मी तरी त्याला गटाराचं विरजणच म्हणते. या दोघांना मार्ग दाखवणारे शास्त्रज्ञ गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. जगभरच्या शहरांत आज ही पद्धत चालते, आणि आम्ही पाहिलेल्या टाकीतही तेच चाललं होतं. तिच्या पुढच्या टाकीत खाली बसलेल्या गाळातला मोठा भाग पंपाने परत या खदखदणाऱ्या टाकीत. विरजण संपता कामा नये!

काकांनी त्या गाळाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा भाची किंचाळलीच. एका लांब देठावर उलटी घंटा डोलत होती आणि मधेच देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून खटकन खाली बसत होती. हिचं नाव व्होर्टिसेला. ती जिवाणू नाही, जिवाणूंना खाणारी आहे. पुंजका सोडून एकटेदुकटे भटकणारे जिवाणू ती गट्ट करते, म्हणून वरचं पाणी नितळ होतं. अनुभवी माणूस नुसत्या या घंट्या बघून सांगतो, की आज टाकीची तब्येत बरी आहे की नाही. (नितळ झालं तरी ते पाणी पिण्याजोगं नसतं हं. रोगाचे जंतू मारायचं काम पुढे वेगळं करावं लागतं.)

*

आतापर्यंत आपण हवा हवी असलेल्या जिवाणूंबद्दल बोललो. पण जिवाणूंच्या राज्यात हवा म्हटली की नाक मुरडणारे, किंबहुना हवा लागली की मरणारेसुद्धा पुष्कळ आहेत. बंद टाकीत, अंधारात, हवेविना त्यांची पंगत बसते. तिथे शेवटी मिथेन नावाचा जळणारा वायू तयार होतो. (मिथेन बनवणारे खरं तर जिवाणूंचे दूरचे चुलतभाऊ, त्यांना आर्किया म्हणतात. पण आज वंशावळ नको.) मुंबईत माटुंग्याला कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाक्यांतला हा वायू गोळा करून वापरायला सुरुवात झाली होती. देहूगावच्या डॉ. मापुसकरांनी तर अशी टाकी घराघरातल्या संडासाला जोडायचा ध्यासच घेतला होता. संडासाच्या गॅसवर चहा! लोकांनी आधी नाकं मुरडली, मग चहा प्यायले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आणि एक मंडळी तर अशी आहे, की ती असू शकते यावर बरीच वर्षं कुणाचा विश्वास नव्हता. लघवीतून आणि मैल्यातून येणारा अमोनिया, म्हणजे अस्वच्छ मुतारीत डोळ्यांना झोंबतो ना तो, साफ करायला एरवी भरपूर हवा लागते. एका ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने, एंगेलबर्ट ब्रोडाने, १९७७ साली कागदावर गणित मांडून सांगितलं की हवेविना अमोनिया संपवणारे जिवाणू निसर्गात असायला हवेत. ते सापडले १९९०च्या दशकात, नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावी. कुठे? यीस्टच्या कारखान्याच्या सांडपाण्यात! रंगाने लालसर आणि स्वभावाने महाआळशी. ई. कोलायचे एकाचे दोन व्हायला २० मिनिटं पुरतात, यांना दहा-अकरा दिवस लागतात. त्यांना ॲनामॉक्स म्हणतात.

पण त्यांची खरी गंमत आतच आहे. अमोनिया संपवताना ते मधल्या पायरीवर हायड्रॅझिन नावाचं रसायन बनवतात. हायड्रॅझिन म्हणजे रॉकेटचं इंधन! आपल्या पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातही त्याच कुळातलं इंधन भरतात. भयंकर विषारी. मग हा जिवाणू स्वतः कसा वाचतो? तो हे काम शरीरातल्या एका बंद खोलीत करतो, आणि त्या खोलीच्या भिंतीतल्या स्निग्ध रेणूंचा आकार असतो शिडीसारखा. एकमेकांना खेटून अशी घट्ट वीण बसते की विष बाहेर झिरपत नाही. २००२ साली रॉटरडॅममध्ये या मंडळींना पहिल्यांदा मोठ्या केंद्रात कामाला लावलं. हवा कमी लागते, म्हणजे ब्लोअर कमी, म्हणजे वीजबिल कमी. आळशांमध्ये इतका कामाचा आळशी मी दुसरा पाहिला नाही.

*

परतताना गाडीत भाची म्हणाली, "एवढे हुशार आहेत, तर पोटात गेले की आजारी का पाडतात?"

"सगळे नाही पाडत. काहींना तर डॉक्टर मुद्दाम शरीरात पाठवतात."

"ई! मला नको."

"तुला पाठवून झालंय. डावा दंड बघ."

तुम्हीही बघा. डाव्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली, बारीकसा खळगा आहे का? ती बीसीजीच्या लशीची खूण. आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ ते १९२१ अशी १३ वर्षं गायींना क्षय देणारा जिवाणू बटाट्याच्या कापांवर, बैलाच्या पित्तात भिजवून, वाढवला. एका कापावरून दुसऱ्यावर, असं २३० वेळा. शेवटी तो इतका मवाळ झाला की रोगच देईना. तोच जिवंत जिवाणू तुमच्या दंडात टोचला होता. पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही ही लस बनते. आणि क्षयाची ही लस मूत्राशयाच्या कर्करोगावरही चालते! डॉक्टर ती नळीने थेट मूत्राशयात सोडतात. तिथे जिवाणू दिसले की शरीराचे पहारेकरी धावून येतात आणि कर्करोगाच्या पेशींनाही झोडपून काढतात. १९७६पासून डॉक्टर हा उपचार करत आले आहेत.

इथे पुन्हा आपली हवेची गोष्ट येते. कर्करोगाची गाठ इतक्या घाईघाईने वाढते की तिच्यातल्या रक्तवाहिन्या मागे पडतात. गाठीच्या पोटात रक्त धड पोचत नाही, म्हणून प्राणवायू पोचत नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने औषधही पोचत नाही. औषध रक्तातून जाणार, आणि रस्ताच नाही! डॉक्टरांची मोठी अडचण आहे ही. पण विचार करा, अशी हवा नसलेली जागा कुणाला आवडेल?

बरोबर. नाक मुरडणाऱ्यांना.

त्यांच्यातला एक तर फारच वेगळा आहे. १९७५ साली रिचर्ड ब्लेकमोर नावाच्या तरुण अमेरिकी संशोधकाने दलदलीतला चिखल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काही जिवाणू थेंबाच्या एकाच कडेला जाऊन गर्दी करत होते. खिडकीतल्या उजेडामुळे असेल, म्हणून त्याने उजेड अडवला. तरी तिकडेच. सूक्ष्मदर्शक फिरवून ठेवला. तरी त्याच दिशेला! मग त्याने चुंबक जवळ आणलं. सगळे जिवाणू गर्रकन वळले.

या जिवाणूंच्या पोटात मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहचुंबकाच्या दगडातल्याच खनिजाचे कण असतात, एका माळेत ओवल्यासारखे. स्वतः बनवलेलं होकायंत्रच ते. कशासाठी? उत्तर ध्रुवावर सहलीला जायचं म्हणून नाही. उत्तर गोलार्धात होकायंत्राची सुई मोकळी टांगली, तर तिचं उत्तरेकडचं टोक जमिनीकडे झुकतं. म्हणून उत्तरेला पोहणं म्हणजे खाली पोहणं. खाली चिखल, चिखलात हवा कमी, आणि तेच तर यांना हवंय! दक्षिण गोलार्धातले यांचे भाऊबंद बहुतेक उलट्या दिशेला पोहतात.

कॅनडातल्या माँट्रियलमध्ये सिल्व्हां मार्तेल यांच्या गटाने अशाच एका समुद्री जिवाणूला हमाल केलं. एकेका जिवाणूच्या पाठीवर सुमारे ७० पिटुकल्या पिशव्या चिकटवल्या, त्यांत औषध भरलेलं. असे जिवाणू उंदराच्या गाठीजवळ टोचले आणि बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून त्यांना गाठीकडे वळवलं. आत शिरल्यावर चुंबकाची गरज फारशी उरली नाही. हवेला कंटाळलेली ती मंडळी आपली आपणच गाठीच्या गुदमरलेल्या पोटात जाऊन बसली. २०१६ साली त्यांनी लिहिलं, की ५५ टक्क्यांपर्यंत जिवाणू तिथवर पोचले. हे उंदरांतलं यश आहे, हे विसरू नका. उंदीर बरे होतात म्हणून माणसं बरी होतीलच असं नसतं, आणि वर्तमानपत्रांचे मथळे हे नेहमी विसरतात.

आणखी एक युक्ती मला याहून आवडते, कारण तिच्यात जिवाणूंची शाळा भरते. जिवाणू एकमेकांना हाका मारतात, रसायनांच्या भाषेत. गर्दी वाढली की हाकांचा गलका वाढतो, आणि त्यावरून प्रत्येकाला कळतं की वर्गात पटसंख्या किती. अमेरिकी शास्त्रज्ञांनी या हजेरीलाच एक कळ जोडून दिली. पटसंख्या भरली की बहुतेक जिवाणू फुटतात आणि त्यांनी पोटात बनवलेलं औषध बाहेर सांडतं. थोडे वाचतात, ते पुन्हा वाढतात, पुन्हा हजेरी, पुन्हा फुटणं. औषधाचे डोस ठरल्या वेळी, तेही घड्याळाशिवाय! हाही २०१६चाच, उंदरांवरचा प्रयोग.

"पण आत गेलेले वाढतच राहिले तर?" भाचीचा प्रश्न अगदी बरोबर होता. म्हणून काही शास्त्रज्ञ अख्खा जिवाणू घेतच नाहीत, नुसता त्याचा डबा घेतात. जिवाणू एरवी बरोबर मधोमध तुटून एकाचे दोन होतात. काही वाण मात्र कडेलाच तुटतात. त्यातून एक मोठा तुकडा आणि एक चिमुकला गोळा निघतो. गोळ्यात जनुकं नसतात, म्हणून तो वाढू शकत नाही. नुसती पिशवी. १९६७ साली अशा गोळ्यांचं वर्णन झालं तेव्हा ती केवळ एक गंमत होती. पुढे सिडनीमध्ये जेनिफर मॅकडायरमिड आणि हिमांशु ब्रह्मभट्ट यांनी या पिशव्यांत कर्करोगाचं औषध भरलं आणि बाहेरून पत्ता चिकटवला, म्हणजे गाठीच्या पेशी ओळखणारं प्रथिन. ही पिशवी निरोगी रक्तवाहिनीच्या भिंतीतून निसटत नाही, पण गाठीतल्या वाहिन्या घाईघाईत बांधलेल्या, गळक्या असतात. तिथून मात्र ती बाहेर पडते. या डब्याच्या चाचण्या माणसांवरही झाल्या आहेत.

*

घरी गेल्यावर भाचीने जाहीर केलं, की तिला जिवाणू पाळायचे आहेत. आजीने कपाळाला हात लावला. पण ते जमतं, आणि तुम्हालाही जमेल. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात ही रीत काढली.

एक लिटरची पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली घ्या. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन तळ्याच्या किंवा ओढ्याच्या कडेचा काळा चिखल आणा. त्यात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे आणि, गंधकासाठी, अंड्याचा एक पिवळा बलक कालवा. घरात अंडं चालत नसेल तर फळ्यावरच्या पांढऱ्या खडूची पूड घाला. ते खडू बहुधा जिप्समचे असतात आणि जिप्सममध्येही गंधक असतंच. बाटली अर्ध्याहून जास्त भरा, वर त्याच तळ्याचं पाणी ओता, दोन बोटं जागा सोडा. बाटली खिडकीत ठेवा, उजेड येईल पण कडक ऊन लागणार नाही अशा जागी. मग सहा ते आठ आठवडे हलवू नका.

हवा वरून येते, तळाला पोचत नाही. त्यामुळे हवा हवी असलेले वर आणि नको असलेले खाली, अशी मंडळी आपापल्या मजल्यावर राहायला जातात. तळाचा चिखल आणखी काळा होईल. त्याच्या वर कुठेतरी हिरवे, जांभळट, लालसर डाग उमटतील. प्रत्येक रंग म्हणजे एकेक वस्ती. दर रविवारी रंगपेटी घेऊन बाटलीचं चित्र काढा, खाली तारीख घाला, आणि आठ आठवडे झाले की आम्हाला पाठवा. भाचीच्या बाटलीला पाचवा आठवडा आहे. मधोमध जांभळा पट्टा आलाय.

हात साबणाने धुवा. बाटलीत नाक घालू नका. आणि झाकण घट्ट लावू नका, आत वायू साठतो.